एका टर्कीची चार जेवणे



नाताळ पंधरवड्यावर आला की कित्येक घरांत एक चर्चा सुरू होते. यंदा कोंबड्यांऐवजी टर्की करावी काय? कोणाच्या परसात ती पाळलेली असते, कोणाचा मुलगा शहरातून गोठवलेली आणून देतो म्हणतो. पुरुषमंडळी व मुले एकदम होकार देतात. विचारात पडते ती घरची गृहिणी. कारण पाच किलोंचा हा पक्षी घरातल्या कोणत्याच पातेल्यात मावत नाही, भट्टी तर खेड्यातल्या घरी असावयाची कोठून, आणि मागे कोणाकडे तरी खाल्लेली टर्की वरून लाकडासारखी कोरडी व हाडाजवळ कच्ची होती ही आठवणही मनातून गेलेली नसते. त्यातून जेवढ्या पैशांत ही एक टर्की येते, तेवढ्यांत बऱ्याच कोंबड्या येतात. ती बिघडली तर केवळ चव जात नाही, सणाचा खर्चच पाण्यात जातो. तिची धास्ती अगदी रास्त आहे.

परंतु माझे मत असे की दोष पक्ष्याचा नाही; तो अख्खा शिजविण्याच्या हट्टाचा आहे. टर्कीच्या छातीचे मांस पांढरे, बिनचरबीचे व चटकन शिजणारे. तंगड्यांचे मांस काळसर, चिवट व सावकाश शिजणारे. दोन्ही एकाच आचेवर, एकाच वेळात सारखी उतरावीत ही अपेक्षाच चूक आहे. मांडी शिजेपर्यंत थांबावे तर छाती वाळते, छातीसाठी घाई करावी तर मांडी कच्ची राहते. मेजावर अख्खा पक्षी मिरविण्याची रीत मोठ्या भट्ट्यांच्या देशांतून आली. आपण तो सांध्यांवर तोडून वेगवेगळा शिजवावा. मग हाच पक्षी सहा माणसांच्या घराला चार वेळा सुखाने पुरतो, आणि त्यासाठी जाड बुडाचे एक पातेले, एक कढई व असल्यास कुकर एवढी भांडी पुरेत.

हा पक्षी मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोतील लोकांनी तो प्राचीन काळीच माणसाळविला होता. सोळाव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. त्याच्या नावाची मात्र मोठी गंमत आहे. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचे नाव दिले, खुद्द तुर्क त्याला ‘हिंदी’ म्हणतात, आणि पोर्तुगीज म्हणतात ‘पेरू’! आपण ज्याला पेरू म्हणतो ते फळही अमेरिकेतूनच आलेले. म्हणून गोव्याच्या एखाद्या घरी नाताळात ‘मसाला भरलेला पेरू’ आहे असे कानावर आले, तर फळाची वाट पाहू नये. हिंदुस्थानातही टर्की फार जुनी आहे. १६१२ साली मुकर्रबखान नावाच्या सरदाराने गोव्याहून काही दुर्मिळ प्राणी आणून जहांगीर बादशहाला नजर केले, त्यांत एक टर्कीचा नर होता. त्याच्या डोक्यामानेचे रंग कसे पालटतात याचे बादशहाला इतके नवल वाटले की आपल्या आठवणींत त्याने ते लिहून ठेवले. त्याचा चित्रकार मन्सूर याने काढलेले टर्कीचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. बादशहाने पक्षी डोळ्यांनी पाहिला; आपण आता सुरी हाती घेऊ.

निवड करताना मोठ्या नरापेक्षा चार-पाच किलोंची तरुण मादी पाहावी. छातीच्या हाडाचे खालचे टोक बोटाने दाबल्यास लवत असेल तर पक्षी कोवळा. ताठ असेल तर म्हातारा, त्याचा रस्साच करावा. पाच किलोंचा जिवंत पक्षी साफ केल्यावर पावणेचार किलोंच्या आसपास उरतो. गोठवलेला पक्षी आणल्यास तो बाहेर ओट्यावर ठेवून वितळवू नये. वरचे मांस उबून खराब होऊ लागते आणि आत बर्फ तसाच असतो. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात खोलगट ताटात ठेवावा, आणि दर दोन किलोंस एक दिवस असा हिशेब धरावा. म्हणजे चार किलोंची टर्की पंचविसाला शिजवावयाची तर तेविसालाच खाली उतरविली पाहिजे.

तोडणे अवघड नाही. प्रथम मांड्या ओढून सांध्यावर सुरी घालावी, मग पंख. छातीच्या मधल्या हाडाला लागून सुरी खाली नेली की दोन्ही बाजूंचे मांस कातडीसकट दोन मोठ्या तुकड्यांनी सुटते. उरलेला सांगाडा कोयत्याने दोन-तीन ठिकाणी तोडावा. तंगडीच्या खालच्या भागात पांढरे, ताठ, काडीसारखे स्नायूबंध असतात. कोंबडीत ते इतके जाणवत नाहीत, टर्कीत दातांखाली येतात. शिजल्यावर ते सहज उपसून निघतात, म्हणून तंगडी नेहमी आधी शिजवून मग मांस सोडवावे. कच्चे मांस धुवावयाचेच असेल तर भांड्यात धुवावे, नळाच्या धारेखाली नव्हे. उडालेल्या शिंतोड्यांतून रोगजंतू शेजारच्या कोशिंबिरीवर जातात. फळी, सुरी व हात साबणाने धुतल्याशिवाय दुसऱ्या कशालाही लावू नयेत.

पहिले जेवण पेजेचे, आणि ते नाताळच्या आदल्या रात्रीसाठी उत्तम. मान, पेटा, पंखांची टोके व सांगाडा अडीच लिटर पाण्यात घालावा. एक कांदा, आल्याचा तुकडा, दहा-बारा मिरे व मीठ टाकून मंद आचेवर दीड तास उकळू द्यावे. पाणी गाळून घ्यावे, हाडांचे मांस सोडवून बारीक करावे. निम्मे पाणी उद्या-परवासाठी काढून ठेवावे. उरलेल्यात दोन मुठी उकडा तांदूळ शिजत घालावा. तो मऊ झाला की मांस, व शेवटच्या दहा मिनिटांत बारीक चिरलेली कलेजी घालावी. वरून लिंबू व पुदिन्याची दोन पाने. मध्यरात्रीच्या मिस्सेहून थंडीत परतलेल्या माणसांस, घरच्या वृद्धांस व लहान मुलांस याहून सुखाचे अन्न नाही. पोर्तुगालमध्ये कोंबडीच्या अशाच भात घातलेल्या सारास ‘कांजा’ म्हणतात, आणि तो शब्द आपल्या ‘कांजी’वरून गेलेला आहे. गार्सिया द ओर्ता या वैद्याच्या १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात तो आढळतो. पक्षी त्यांनी आपल्याकडे आणला, पेज आपण त्यांना दिली; व्यवहार तोट्याचा झाला असे मला वाटत नाही.

सणाच्या दिवशीचे मुख्य पक्वान्न म्हणजे छातीचे भाजलेले मांस. येथे थोडे सविस्तर सांगते, कारण सारा बिघाड येथेच होतो. मांसास किलोला दोन सपाट चहाचे चमचे मीठ, आले-लसणाचे वाटण, भरड मिरपूड व मोठा चमचाभर माडाचा शिर्का चोळावा. फ्रिज असल्यास रात्रभर आत ठेवावे. नसल्यास अर्धा-पाऊण तासच पुरे, डिसेंबर झाला तरी आपल्याकडची दुपार उन्हाचीच असते. जाड पातेल्यात दोन मोठे चमचे तूप अथवा लोणी तापवून कातडीची बाजू खाली ठेवून तांबूस करावी, मग उलटावे. भोवती अर्धे केलेले बटाटे, चार कांदे, दालचिनीचा तुकडा व चार लवंगा टाकाव्यात. काढून ठेवलेल्या पाण्यातले वाटीभर पाणी ओतून घट्ट झाकण घालावे व आच अगदी मंद करावी. चूल असेल तर खालचे निखारे ओढून घेऊन त्यांतले काही झाकणावर ठेवावेत. ही आपल्या आज्यांची भट्टी, आणि ती कोणत्याही विकतच्या भट्टीस हार जात नाही. कोणी छातीवर डुकराच्या चरबीची पातळ कापे पसरतात. मांस कोरडे न होण्यास तेही चांगले. अर्ध्या किलोच्या तुकड्यास पस्तीस-चाळीस मिनिटे लागतात.

शिजले हे ओळखावे कसे? मांसात खुपसावयाचा तापमापक हल्ली मिळतो. सर्वांत जाड भागात तो ७४ अंश सेल्सिअस दाखवू लागला की निर्धास्त व्हावे. सणाला येवढा खर्च करणाराने तोही एकदा घ्यावा असे मी म्हणेन. तो नसेल तर जाड भागात सुरी खुपसून पाहावी. रस लालसर आल्यास झाकण पुन्हा घालावे, आणि मनात शंका असेल तरीही आणखी दहा मिनिटे द्यावीत. किंचित कोरडे मांस रसात बुडवून खाता येते. कच्च्या मांसाने मात्र पाहुण्यांसकट सारे घर अंथरूण धरते. उतरविल्यावर लगेच कापू नये. दहा-पंधरा मिनिटे झाकून ठेवावे, म्हणजे रस आत मुरतो. मग धाग्यांना आडवी अशी पातळ कापे करावीत. पातेल्यातला रस आटवून त्यावर ओतावा, सोबत पाव किंवा भात. गोव्यात आत भरावयाचे सारण पाव, बटाटे, मनुका व कलेजी-पेटा यांचे करतात. ते पक्ष्याच्या पोटात न भरता कढईत वेगळे परतून शेजारी वाढावे. पोटातल्या सारणापर्यंत उष्णता फार उशिरा पोहोचते.

तंगड्या व मांड्या दुसऱ्या दिवशी शाकुतीस लावाव्यात, आणि खरे सांगावयाचे तर मला स्वतःला टर्कीचे हेच जेवण सर्वांत प्रिय आहे. मीठ, हळद व थोडे पाणी घालून त्या कुकरमध्ये पंचवीस मिनिटे, किंवा साध्या पातेल्यात दीड-दोन तास शिजवाव्यात. स्नायूबंध उपसून मांसाचे मोठे तुकडे करावेत. अर्ध्या नारळाचा चव व दोन कांदे तेलावर खमंग तांबूस भाजावेत. दोन मोठे चमचे धणे, आठ सुक्या मिरच्या, मिरे, बडीशेप, खसखस, लवंग व दालचिनी वेगळी भाजून सर्व बारीक वाटावे. वाटण तेलात परतून त्यात मांस व शिजवलेले पाणी घालावे, उकळी आल्यावर वरून जायफळ किसावे. काळे मांस मसाला पिऊन घेते, ते पांढऱ्या मांसास जमत नाही. बेळगावकडच्या भगिनी आपल्या नेहमीच्या रश्श्याचे वाटण घालतील, तेही शोभेल.

चौथे जेवण उरलेल्याचे. भाजलेल्या मांसाचे तंतू सोडवून उकडलेला बटाटा, हिरवी मिरची, कोथिंबीर व थोडा कांदा घालून वड्या कराव्यात, अंड्यात बुडवून रव्यात घोळवून तव्यावर तळाव्यात. मुलांच्या हाती दिल्या तर ताटापर्यंत पोहोचत नाहीत. किंवा हाडांच्या उरलेल्या पाण्यात तांदळाच्या दुप्पट मापाने पुलाव करावा, आणि भात होत आला की मांस वर पसरून झाकण घालावे; आधी घातले तर चोथा होतो.

येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. ही चार जेवणे चार वेळची आहेत ती फ्रिज असणाऱ्यांसाठी. शिजलेले अन्न दोन तासांच्या आत पसरट भांड्यात निववून आत ठेवावे, तीन-चार दिवसांत संपवावे, आणि दर वेळी लागेल तेवढेच काढून खदखदेपर्यंत गरम करावे. हाडांचे पाणीही असेच. सोरपोतेल रोज उकळून आठवडाभर पुरवितात हे मला ठाऊक आहे. पण तेथे शिर्का व चरबी भरपूर असते. टर्कीच्या बिनचरबीच्या मांसावर तो भरवसा टाकू नये.

ज्यांच्याकडे फ्रिज नाही त्यांनी शेजारच्या घराशी मिळून एक पक्षी घ्यावा. सणाच्या आदल्या दिवशी सकाळी तोडावा, दुपारी तंगड्यांची शाकुती, रात्री पेज करावी, व छातीचे मांस फ्रिज असलेल्या ओळखीच्या घरी रात्रभर ठेवून पंचविसाला भाजावे. वाटणी करताना एकीने छाती व दुसरीने तंगड्या असे करू नये. जिच्याकडे तंगड्या जातात तिला छाती चांगली वाटते आणि जिच्याकडे छाती जाते तिला तंगड्या. पक्षी लांबीने मधोमध चिरावा, म्हणजे प्रत्येकीस अर्धी छाती, एक तंगडी व एक पंख येतो. कलेजी एकच असते. ती जिच्या अंगणात पक्षी तोडला, तिची.