घाट नंतर, आधी गटार!

मुठेच्या काठावर सुशोभीकरण जोरात सुरू आहे. दगडी पायऱ्या, फिरायला रस्ता, झाडं, दिवे. छान. पण पायऱ्या उतरून खाली गेल्यावर काय दिसणार? उन्हाळ्यात खडकवासल्यातून नदीत जवळपास काहीच सोडत नाहीत. तेव्हा भिडे पुलाखालून जे वाहतं ते तुमचं-आमचं बाथरूम, संडास आणि मोरीचं पाणी. त्याला नदी म्हणायची आपल्याला सवय झालीये, एवढंच.

जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने मुळा-मुठा शुद्धीकरणाला ९९० कोटींची मंजुरी दिली, जपानच्या जायकाच्या कर्जातून. ११ नवी मैलापाणी केंद्रं, रोज ३९ कोटी ६० लाख लिटरची क्षमता. भूमिपूजन कधी? ६ मार्च २०२२. सहा वर्षं गेली आणि आकडा १४७० कोटींवर पोचला. त्याच दिवशी नदीकाठ सुधारणेच्या ९ किलोमीटरच्या टप्प्याचंही भूमिपूजन झालं, १०८० कोटींचं. फोटो कशाचे जास्त फिरले ते आठवून बघा.

काहीजण म्हणतात, नदी स्वतःच घाण पचवते, केंद्रावर एवढा खर्च कशाला? पचवते, खरंय. पाण्यातले जिवाणू मैला खातात, पण खाताना पाण्यातला ऑक्सिजन ओढतात. मैला जास्त झाला की ऑक्सिजन संपतो, मासे मरतात, वास सुटतो. शुद्धीकरण केंद्रात नेमकं हेच काम टाकीत होतं. आधी जाळीने प्लास्टिक-चिंध्या अडवायच्या, रेती खाली बसवायची, मग मोठ्या ब्लोअरने हवा सोडून त्याच जिवाणूंना पोटभर खाऊ घालायचं, गाळ वेगळा काढायचा आणि शेवटी क्लोरीन. थोडक्यात, जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन नदीतून न घेता विजेच्या बिलातून द्यायचा.

गोम इथेच आहे. ब्लोअर बंद तर केंद्र म्हणजे नुसता हौद. केंद्र बांधलं म्हणजे चाललं असं नाही, आणि चाललं तरी मैला तिथवर पोचायला पाहिजे. नागझरीत, आंबिल ओढ्यात, रामनदीत थेट सुटणारं मैलापाणी ड्रेनेजच्या लाइनला जोडलं नाही, तर टाकी कितीही मोठी बांधा, तिला काय फरक पडणार?

आणि जलपर्णी! ती काढायला दरवर्षी पैसे. अहो, ती वाढते मैल्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर. खत आपणच घालायचं, वर कापणीचं टेंडरही आपणच काढायचं. (कुणाचं तरी शेत बरं पिकतंय म्हणायचं.)

हे पाणी पुढे कुठे जातं? भीमेतून उजनीत. सोलापूरकर तिथलं पितात. पुण्यात "नदी" म्हटलं की जॉगिंग ट्रॅक आठवणाऱ्यांनी एकदा उजनीच्या काठावर उभं राहून वास घ्यावा.

मागणी साधी आहे. प्रत्येक केंद्रात रोज किती पाणी आलं, किती युनिट वीज जळली, बाहेर पडलेल्या पाण्याचा बीओडी किती, हे तीन आकडे महापालिकेने केंद्राच्या गेटवर आणि ऑनलाइन रोज लावावेत. आंघोळीच्या पाण्याला बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत लागतो. घाटाच्या पाटीवरही नदीच्या पाण्याचा आकडा लिहा, मग लोक ठरवतील पाय बुडवायचे की नाही.

निवडणुकीत तुमच्या दारात येणाऱ्या उमेदवाराला एवढंच विचारा: आपल्या प्रभागातला मैला कुठल्या केंद्रात जातो? उत्तर काय मिळालं ते कमेंटमध्ये टाका, प्रभागासकट.