राघोजींची कादंबरी आणि सावकाराचे खत

गेल्या महिन्यात बदलापूरच्या आमच्या अभ्यासमंडळात एका तरुण कार्यकर्त्याने प्रश्न विचारला. रोमन फौजांशी झुंजणाऱ्या ब्रिटनमधील केल्टिक टोळ्यांवरची एक कादंबरी त्याने लोकलच्या प्रवासात वाचून संपविली होती. "सर, त्यांच्या बौडिका राणीवर इतके लिहिले गेले; आपल्या सह्याद्रीतल्या आदिवासींच्या बंडांवर अशा कादंबऱ्या का नाहीत?" मी काहीतरी उत्तर देऊन सुटका करून घेतली. ते उत्तर मला स्वतःलाच पटले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

'मोचनगड' १८७१ मध्ये आली, तेव्हापासून मराठी ऐतिहासिक कादंबरी गड, दरबार आणि वाडे यांभोवती फिरत आली आहे. 'स्वामी'सारख्या कादंबऱ्यांचा मीही एक वाचक आहे. त्यांची निंदा मला करावयाची नाही. परंतु उल्हासनगर-अंबरनाथचे हजारो नोकरदार ज्या ठाणे स्थानकात रोज चढतात-उतरतात, त्या ठाण्याच्या तुरुंगात २ मे १८४८ रोजी महादेव कोळी जमातीच्या राघोजी भांगरे यांना फाशी दिले गेले. पाचच वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून पहिली प्रवासी आगगाडी त्याच ठाण्यास आली. दुसरी तारीख शाळकरी मुलालाही पाठ असते. पहिली किती जणांना ठाऊक आहे?

राघोजी अकोले तालुक्यातील देवगावचे. वडील रामजी यांनीही कंपनी सरकारविरुद्ध शस्त्र उचलले होते. राघोजींचे बंड १८४४-४५ मध्ये भडकले आणि पुढे ते पंढरपुरास पकडले गेले. त्यांच्यावर लिहिले गेलेच नाही असे नव्हे; पण गौरवाच्या भरात बंडाचे अर्थकारण बहुधा बाजूला पडते. ठरल्या हप्त्याला रोख सारा, त्यासाठी सावकाराचे खत, खतावर कोर्टाचा हुकूमनामा आणि हुकूमनाम्यावर जप्ती, अशी ती साखळी होती. जंगलात पीक हाती येते ते पावसाच्या मर्जीने; सरकारी हप्ता मात्र थांबत नाही. राघोजींचा रोख सरकारइतकाच सावकारांवर होता तो यामुळे. पुढे १८७५ मध्ये पुणे-नगरच्या शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली, तीही याच साखळीतील कागदपत्रे होती.

आता बौडिकेकडे पाहा. इ. स. ६०-६१ मधील तिच्या उठावाचे कारण म्हणून राणीला मारलेले फटके आणि तिच्या मुलींवरील अत्याचार सांगितले जातात. ते टॅसिटसने नोंदविलेच आहे. पण कॅसियस डायो हा नंतरचा इतिहासकार आणखी एक कारण देतो. सेनेकाने ब्रिटनमधील लोकांना चार कोटी सेस्टर्सची कर्जे दिली होती आणि ती त्याने एकाएकी सक्तीने परत मागितली. साधेपणाचे तत्त्वज्ञान सांगणारा तो हाच सेनेका! मी वाचलेल्या कादंबऱ्यांत घोड्यांचे रथ भरपूर आहेत. हे कर्ज मात्र कोठे दिसले नाही.

दुसरी अडचण साधनांची आहे. हरलेल्यांनी लिहून ठेवले नाही; जे आहे ते जिंकणाऱ्यांचे. टॅसिटस हा ब्रिटनचा सुभेदार अॅग्रिकोला याचा जावई. कॅल्गॅकस या केल्टिक नायकाच्या तोंडी त्याने रोमवर जळजळीत भाषण घातले, पण ती लेखणी रोमनच. आपल्याकडे महादेव कोळ्यांचा वृत्तान्त लिहिला कॅप्टन मॅकिंटॉश याने, जो त्यांचा उठाव मोडून काढण्याच्या कामावर होता. कादंबरीकाराला असे कागद उलटे वाचावे लागतात, आणि डोंगरातल्या म्हाताऱ्या माणसांसमोर बसावे लागते.

खरी कठीण गोष्ट याहून वेगळी आहे. अॅग्रिकोलाच्या शेवटच्या मोठ्या लढाईत कॅल्गॅकसच्या लोकांवर प्रथम तुटून पडल्या त्या रोमन सैनिकांच्या तुकड्या नव्हत्या. ऱ्हाइनकाठच्या जिंकलेल्या बटाव्हियन जमातीच्या पलटणी होत्या. आणि राघोजींच्या फाशीनंतर दहा वर्षेही झाली नव्हती, तोच १८५७ च्या अखेरीस नटॉल या अधिकाऱ्याने महादेव कोळ्यांचीच पलटण उभारली; ती भिल्लांच्या बंडाविरुद्ध वापरली गेली. पोटासाठी माणूस कोणाची बंदूक खांद्यावर घेतो, हा प्रश्न ज्या कादंबरीत नाही, ती 'अॅस्टेरिक्स'च्या जादूच्या काढ्यासारखी होईल: गंमतीची, पण रोम कसे जिंकत गेले हे न सांगणारी. आज प्रत्येक जमातीला निष्कलंक वीर हवा आहे आणि पुढाऱ्यांना पुतळ्याचे अनावरण. अशा वेळी पलटणीचे नाव काढणाऱ्या लेखकावर गहजब होईल, हे मी जाणतो. तरीही ते प्रकरण वगळू नये, असे माझे मत आहे. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात वारल्यांची वेठ आणि भीती दोन्ही लपविली नाही. म्हणूनच १९४५ चा त्यांचा लढा आपल्याला कळतो.

त्या तरुणाला मी आता सांगितले आहे की पुढच्या बैठकीत त्यानेच राघोजींवर बोलावे. येताना मॅकिंटॉशचा वृत्तान्त आणि १८७५ च्या दंग्यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल वाचून यावे. तो म्हणतो, अहवाल फार कंटाळवाणा आहे. आहेच. त्यातल्या कर्जाच्या हिशेबांपासूनच सुरुवात करू, असे आमचे ठरले आहे.