वजीर दिला, पण आधीच्या पंधरा खेळ्यांचं काय?

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. विषय बुद्धिबळाचा आहे, पण खेळता येत नसलं तरी वाचायला हरकत नाही.

पॉल मॉर्फीचा १८५८ सालचा पॅरिसमधला ऑपेरातला डाव खेळणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असतो. मॉर्फी न्यू ऑर्लिन्सचा, वय २१, वकिलीचं शिक्षण झालेलं. समोर ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इझुआर, दोघे हौशी उमराव, एकमेकांशी सल्लामसलत करून खेळत होते. रंगमंचावर गाणं चालू, आणि ड्यूकच्या खाजगी कक्षात पट मांडलेला! सोळाव्या खेळीला मॉर्फीने वजीर थेट घोड्याच्या तोंडी दिला. शह होता, त्यामुळे मारण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सतराव्या खेळीला हत्तीने मात. प्यादी सोडली तर मॉर्फीकडे उरले होते एक हत्ती आणि एक उंट. काळ्याकडे वजीर, हत्ती, उंट, घोडा सगळे हजर.

हल्ली हा डाव म्हणजे ही शेवटची दोन चित्रं. माझं भांडण इथेच आहे.

आठव्या खेळीला मॉर्फीला एक प्यादं फुकट मिळत होतं. त्याने घेतलं नाही! घेतलं असतं तर काळ्याने शह देऊन वजिराला वजीर केला असता आणि डाव रटाळ झाला असता. त्याने मुकाट्याने घोडा बाहेर काढला. मग दुसरा उंट. दहाव्या खेळीला घोडा देऊन राजापुढची वाट मोकळी केली, मग कॅसलिंग करून एक हत्ती हल्ल्यात आणला आणि तो खर्ची पडल्यावर दुसरा. काळ्याने आपलाच वजीर राजापुढे आणून उंटाची वाट बुजवलेली. त्याचा तो उंट आणि कोपऱ्यातला हत्ती शेवटपर्यंत जागचे हललेच नाहीत. "समोरचे कच्चे होते, त्यात काय एवढं?" असं म्हणणारेही भेटतात. होते ना कच्चे! पण कच्च्या माणसालासुद्धा मात देण्यासाठी आपली मोहरी घराबाहेर पडावी लागतात.

नातू ज्या शिकवणीला जातो तिथे रोज कोड्यांचा कागद मिळतो. 'पांढऱ्याची खेळी, दोन खेळींत मात.' आमच्या वेळच्या गाईडांसारखंच हे, प्रश्नाच्या आधी उत्तराचा वास. कोड्यात युक्ती आहे हे आधीच सांगितलेलं असतं. डावात कोण सांगणार? पोरगा माझ्याशी खेळताना दहाव्या खेळीलाच वजीर फेकतो, कारण कागदावर बहुतेकदा तेच उत्तर असतं. शिकवणीच्या सरांना हे बोललो, तर म्हणाले, "आजोबा, मुलांना थरार हवा असतो." अहो, थरार हवाच. पण तो कुठून येतो हे नको का दाखवायला? कोडी बंद करा असं मी म्हणत नाही. आठवड्यातून एक डाव पहिल्या खेळीपासून लावा, एवढंच मागणं आहे.

ते होईल तेव्हा होईल. घरी मी सुरू केलं आहे. परवा ऑपेराचा डाव लावला आणि आठव्या खेळीवर थांबून विचारलं, "काय करशील?"

"प्यादं घेणार, फुकट आहे!"

घेऊ दिलं. मग काळ्याचा शह दिला आणि दोन्ही वजीर पटावरून उचलून ठेवले. तो बराच वेळ पटाकडे बघत बसला.

"आबा, पण मग आता मजा काय?"