केसपेपरवर नसलेला रकाना

करोल बागेत सोन्या-चांदीच्या गलाईच्या व्यवसायात सांगली जिल्ह्याकडील मराठी मंडळी आहेत. गावची शेती अनेकांनी सोडलेली नाही; पावसाळ्यात गावी गेले की चिखलात उतरणे होतेच. दिल्लीतील कोकणी कुटुंबेही गणपतीला हटकून गावी जातात. अशा एखाद्या मधुमेही गृहस्थास परतल्यावर ताप येऊ लागला आणि सोनोग्राफीत यकृतात वा प्लीहेत गळू दिसले, तर संशय प्रथम अमिबाचा किंवा क्षयाचा येतो. मेलिऑयडोसिसचे नाव सहसा निघत नाही.

वस्तुतः हा रोग जुना आहे. व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी १९१२ साली रंगूनमधील रुग्णांवरून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. भारतातील पहिला रुग्ण १९९१ मध्ये नोंदला गेला, तोही मुंबईत. ओल्या मातीतील हा जिवाणू जखमेतून, श्वासावाटे वा पाण्यावाटे शरीरात शिरतो. २०१६ च्या एका अभ्यासाचा अंदाज जगभरात वर्षाला १ लाख ६५ हजार रुग्ण आणि ८९ हजार मृत्यू असा होता. त्यात दक्षिण आशियाचा वाटा मोठा होता.

क्षयाची औषधे येथे निरुपयोगी ठरतात. गळवातील पू कल्चरला पाठवावा लागतो, आणि तेथेही अनभ्यस्त प्रयोगशाळा या जिवाणूस साधा स्यूडोमोनास समजून बाजूला सारू शकते. निदान झाले तर किमान दोन आठवडे, अवयवात गळू असल्यास त्याहून अधिक काळ, शिरेवाटे प्रतिजैविक आणि पुढे तीन महिने गोळ्या.

वैद्यक माझा विषय नव्हे; कागद मात्र माझा विषय आहे. केसपेपरवर 'कायमचा पत्ता' असतो. तो कोणाच्या सोयीसाठी असतो हे सर्वज्ञात आहे! त्या पत्त्यावर रुग्ण शेवटचा केव्हा गेला होता, मातीत काम केले होते काय, हे विचारणारा रकाना मात्र नसतो. रकाने वाढविण्याचा मलाही तिटकारा आहे. हा एक वाढवावा. क्षयरोगाची नोंद कळविणे २०१२ पासून बंधनकारक आहे. या रोगासाठी तसा देशव्यापी नियम नाही. नोंद नाही म्हणून रोग 'दुर्मीळ', आणि दुर्मीळ म्हणून नोंद नाही, असे हे चक्र आहे.

तोवर आपणच डॉक्टरांना सांगावे: पावसात गावी होतो, मधुमेह आहे. आणि विचारावे: पू कल्चरला पाठविला काय?