थ्रॉटल अर्धा नको, पूर्ण खाली!

माझं आजोळ मालवणजवळचं देवबाग. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. (आपल्या हॉस्टेलमधले निम्मे जण तिथे बनाना राईड घेऊन आलेत, तेव्हा जास्त वर्णन नको.) कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा अडखळतं, पण हेच इंग्लिशमध्ये लिहिलं तर मामांना वाचून दाखवता येणार नाही!

तर झालं असं. गेल्या मे महिन्यात ओहोटीला मामी कमरेएवढ्या पाण्यात तिसऱ्या काढत होती. पर्यटकांची एक स्पीडबोट आली. पाण्यात माणूस बघून चालकाने थ्रॉटल अर्धा कमी केला. तरी जी लाट आली ती आधीपेक्षा मोठी! मामी आडवी झाली, टोपली वाहून गेली, बांधलेल्या होडीत पाणी भरलं. मामी खोकत उठली आणि बोटीकडे बघून जे बोलली ते इथे छापता येणार नाही. बोट चालवत होता माझा मामेभाऊ. तिचाच मुलगा.

तो शपथेवर सांगत होता, "मी स्लो केलंय!" आणि तो खोटं बोलत नव्हता.

मित्रहो, पाणी कापत जाणाऱ्या बोटीचा वेग तिच्या लांबीवर ठरतो. पाण्याच्या रेषेवरची लांबी फुटांत घ्या, वर्गमूळ काढा, 1.34 ने गुणा, उत्तर नॉटमध्ये. 16 फुटांना आलं 5.4 नॉट, म्हणजे ताशी साधारण 10 किलोमीटर. त्यापुढे बोट स्वतःच्याच लाटेवर चढायला बघते. नाक वर, बूड खाली. आणखी वेग दिला की ती पाण्यावरून सपाट घसरते आणि लाट उलट कमी होते. सगळ्यात वाईट लाट मधल्या वेगाला उठते. भावाने नेमका तोच वेग गाठला. त्यात लाटेची उंची दुप्पट झाली की ऊर्जा चौपट!

मग माणसांजवळून फुल स्पीडने जायचं का? मुळीच नाही. बोटीला ब्रेक नसतो. 18 डिसेंबर 2024 ला मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची स्पीडबोट ताबा सुटून आदळली. 15 माणसं गेली. समुद्रातल्या टकरी टाळण्यासाठी 1972 चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. त्यात 'सुरक्षित वेग' सांगितलाय, पण आकडा नाही. गर्दी किती, दिसतं किती, किती अंतरात थांबता येईल ते बघून वेग ठरवायचा.

म्हणून नुसता 'ताशी अमुक किमी' असा बोर्ड मला पटत नाही. भावाच्या बोटीला तर स्पीडोमीटरच नाही. माझं म्हणणं, खोल पाण्यात बोये टाकून वेगाची वाट वेगळी करा. माणसं, जाळी, बांधलेल्या होड्या दिसल्या की लांबूनच थ्रॉटल पूर्ण खाली, नाक बसेपर्यंत. ओहोटीच्या वेळी काठाजवळ राईड बंद. आणि हे बोटवाल्यांनीच एकमेकांवर बघावं. सरकारी माणूस रोज काठावर उभा राहणार आहे थोडाच!

भावाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "हळू चलवलंय तर गिऱ्हाईक म्हणता, ह्याच्यापेक्षा होडीच बरी. पैशे कोण देतलो?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

दिवाळीत गेलो तर त्याने बोटीच्या नाकापासून मागेपर्यंत लाल पट्टा मारला होता. पट्टा पाण्याला समांतर दिसला की मगच तो मामीच्या बाजूने जातो. आणखी दोघांनी पट्टा मारून घेतलाय. बाकीचे अजून हसतात.