क्रमांक आपला, शिल्लक कंपनीची

क्रमांक तोच ठेवून मोबाइल कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ रोजी सुरू झाली. तेव्हा शुल्क होते जास्तीत जास्त १९ रुपये. २०१९ मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने या व्यवहाराचा दर ६ रुपये ४६ पैशांवर आणला. म्हणजे पोर्टिंग जवळपास फुकटच. खिसा कापला जातो तो दुसरीकडे. वर्षभराचा प्रीपेड प्लॅन घेतलेला ग्राहक घरात रेंज मिळेना म्हणून चौथ्या महिन्यानंतर दुसरीकडे गेला, तर उरलेल्या आठ महिन्यांच्या पैशांवर पाणी सोडावे लागते. टॉकटाइमही बुडतो. सगळे नियमाला धरून!

पोस्टपेडवाल्यांचे दुखणे निराळे. पोर्टिंगसाठी लागणारा कोड मिळण्याआधी आलेले बिल भरावेच लागते; त्यानंतरच्या वापराचे बिल मागाहून येते. ते थकले, तर नव्या कंपनीकडचा क्रमांकही बंद पडू शकतो.

स्वस्त प्लॅनमध्ये तर हा कोड मागवण्यासाठी १९०० वर एसएमएस पाठवण्याचीच सोय नसे. बाहेर पडण्यासाठीही जादा रिचार्ज! अखेर डिसेंबर २०२१ मध्ये ‘ट्राय’ने कंपन्यांचे कान उपटले.

महिन्याच्या प्लॅनचा हिशेब एक वेळ सोडून देऊ, पण वर्षाचे पैसे आगाऊ घेणाऱ्यांना न वापरलेल्या दिवसांची रक्कम परत करण्याची सक्ती हवी. तोवर निदान कोडच्या एसएमएसमध्येच ‘तुमचे इतके रुपये बुडतील’ हा आकडा छापावा. ग्राहकाची थकबाकी कंपनीला त्या क्षणी बरोबर दिसते. शिल्लकही दिसत असणारच.