कुत्र्याला काम हवे, कोणत्याही वयात

घराभोवती आवार असले की कुत्र्याला वेगळे फिरवण्याची गरज नाही, ही समजूत बंगल्यांपासून शेतावरच्या वस्त्यांपर्यंत सगळीकडे पक्की आहे. जागा भरपूर आहे, कुत्रे मोकळे आहे, धावावेसे वाटले तर ते धावेल, असा तिचा आधार. प्रत्यक्षात एकटे सोडलेले प्रौढ कुत्रे फारसे धावत नाही. ते फाटकापाशी पडून राहते, येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकते आणि पुन्हा पडते. आवारातला प्रत्येक वास त्याला केव्हाच पाठ झालेला असतो. माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या पन्नास-साठ लाख पेशी असतात, तर कुत्र्याच्या नाकात वीस कोटींहून अधिक. अशा नाकाला रोज त्याच चार भिंतींतली माती हुंगायला लावणे ही उपासमार आहे. चपला फाडणे, बागेत खड्डे खणणे, शेपटीमागे गोल फिरणे, तासन्‌तास भुंकणे यांना मालक खोड्या म्हणतात आणि कुत्र्याला मार बसतो. त्यांतल्या बऱ्याच गोष्टी रिकामपणातून आलेल्या असतात.

बांधून ठेवलेल्या कुत्र्याची स्थिती याहून वाईट. 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 नुसार नेहमी साखळीला बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम न देणे हा मालकाचा गुन्हा आहे. राखणीचे कुत्रे बांधलेलेच असायचे, असे म्हणणाऱ्यांना ही तरतूद सहसा ठाऊकच नसते.

याच्या उलट टोकाला ‘दमवले की झाले’ म्हणणारे. ते कुत्र्याला सायकलमागे पळवतात, चेंडू शंभर वेळा फेकतात, आणि फिरायला नेताना ते कुठे हुंगायला थांबले की पट्टा ओढतात. त्यांची कळकळ खरी, पण व्यायामाचे माप चुकलेले. शार्लट ड्युरांटन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2019 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाळीव कुत्र्यांच्या एका गटाकडून दोन आठवडे वास घेऊन खाऊ शोधण्याचा सराव करून घेतला, दुसऱ्याकडून मालकाच्या पायाशी शिस्तीत चालण्याचा. नंतर खाऊ असेल की नसेल याची खात्री नाही, अशा जागी भांडे ठेवले. हुंगणारा गट त्याकडे पूर्वीपेक्षा लवकर गेला, म्हणजे त्याची अपेक्षा अधिक आशावादी झाली होती. दुसऱ्या गटात तसा फरक पडला नाही. हालचाल दोघांचीही झाली होती, पण स्वतःच्या नाकाने शोधण्याची मुभा एकालाच होती. म्हणून वीस मिनिटांच्या फेरीत दहा मिनिटे कुत्र्याने झाडांचे बुंधे हुंगण्यात घालवली तर वेळ वाया गेला असे मानू नये. फेरीचे मुख्य काम तेच आहे.

पिल्लांबाबतचा आक्षेप अधिक गंभीर आहे: लशी पूर्ण होईपर्यंत बाहेर नेऊ नये. पार्व्हो विषाणूचा धोका खरा आहे, हे मान्यच करायला हवे. पण जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी बार हार्बर येथील संशोधनावर 1965 मध्ये लिहिलेल्या ग्रंथापासून हेही स्पष्ट आहे की पिल्लाचा समाजाशी ओळख होण्याचा काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्यापर्यंतचा असतो. लशी संपेपर्यंत तो निघून जातो. घरात कोंडलेले पिल्लू पुढे रिक्षा, फटाके, अनोळखी माणसे या सगळ्यालाच घाबरते. उपाय अवघड नाही. पिल्लाला कडेवर घेऊन रस्ता दाखवावा, जमिनीवर सोडू नये, घरी वेगवेगळ्या वयाची माणसे बोलवावीत. मात्र लांब पळवणे टाळावे. हाडांच्या टोकाची वाढीची कूर्चा मोठ्या जातींत वर्ष-दीड वर्षापर्यंत पक्की झालेली नसते.

प्रौढपणी जातीकडे पाहावे लागते. सशामागे धावण्यासाठी जोपासलेल्या मुधोळ किंवा कारवान कुत्र्याला मोकळ्या माळावर जोरात पळायला मिळायला हवे. चपट्या नाकाच्या पगला तेच घातक ठरेल, कारण कुत्रे मुख्यतः धापा टाकून अंग थंड करते आणि पगला नीट धापही टाकता येत नाही. मे महिन्यात तर कोणत्याच कुत्र्याला उन्हात फिरवू नये, डांबराने पंजे भाजतात. घरात जेवणाचे दाणे जुन्या टॉवेलच्या घड्यांत दडवून शोधायला दिले तरी पावसाळ्यातली दुपार कामी लागते.

सर्वांत नुकसान करणारे वाक्य म्हणजे ‘म्हातारे झाले आहे, पडू द्या.’ पडून राहिल्याने स्नायू झिजतात, सांधे अधिक आखडतात, वजन वाढते आणि त्याच सांध्यांवर भार पडतो. आयुष्यभर पाव हिस्सा कमी खाणारे लॅब्राडोर जोडीच्या कुत्र्यांपेक्षा जवळजवळ दोन वर्षे अधिक जगले आणि त्यांना संधिवातावरचे उपचारही उशिरा लागले, हे 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घ अभ्यासात दिसले. मेंदूचेही तसेच. नॉर्टन मिलग्रॅम आणि सहकाऱ्यांनी वयस्क बीगल कुत्र्यांवर दोन वर्षे केलेला अभ्यास 2005 मध्ये छापला. सोबती कुत्रे, बदलती खेळणी, आठवड्यातून दोन फेऱ्या, नवी कोडी आणि अँटिऑक्सिडंटयुक्त आहार हे सगळे ज्यांना मिळाले, त्यांची शिकण्याची क्षमता सर्वांत चांगली टिकली. म्हातारे कुत्रे नवे शिकत नाही, हा दावा येथेच कोसळतो.

यावर कोणी म्हणेल, की बुद्धी शाबूत असलेलेच कुत्रे हिंडते, हिंडल्याने बुद्धी टिकते असे नाही. नुसत्या सर्वेक्षणांबाबत ही शंका योग्य आहे. मिलग्रॅम यांच्या प्रयोगात मात्र गट आधीच पाडलेले होते, म्हणून तिथे ती लागू होत नाही.

वृद्ध कुत्र्याला एका लांब फेरीऐवजी तीन-चार छोट्या फेऱ्या द्याव्यात, त्याही त्याच्या चालीने. घरातल्या गुळगुळीत फरशीवर चटई टाकावी. ऐकू येईनासे होण्याआधीच हाताच्या खुणा शिकवाव्यात. दृष्टी गेली तरी नाक बरेच दिवस साथ देते, त्यामुळे खाऊ शोधण्याचा खेळ शेवटपर्यंत खेळता येतो. जिना चढायला ते अचानक नकार देऊ लागले तर वयाला दोष देऊन थांबू नये. ती बहुधा वेदना असते आणि तिच्यावर पशुवैद्याकडे औषध असते. वेदना कमी झाल्यावर फेऱ्या पुन्हा सुरू करता येतात.